साय-फायवर वाद घालायचाय? मग असा घाला, रात्र वाया जाणार नाही

दर कोजागिरीला आम्ही नऊ-दहा जण आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जमतो. मसाला दूध, भेळ, दोन सतरंज्या आणि एकच विषय: सगळ्यात भारी साय-फाय, म्हणजे विज्ञानकथेचा, पिक्चर कुठला आणि सगळ्यात भारी साय-फाय सिरीज कुठली. बारा वर्षं झाली याला. पहिल्या दोन वर्षी नुसता गोंधळ झाला, स्टार वॉर्स साय-फायमध्ये धरायचा की नाही यावरच रात्रीचा दीड वाजला, एक मित्र चिडून खाली निघून गेला आणि ज्यांना खरंच काहीतरी सांगायचं होतं ते शेवटपर्यंत गप्प बसून राहिले. तिसऱ्या वर्षी आम्ही नियम केले, मग दरवर्षी थोडे थोडे बदलत गेलो, आणि आता लोक आठवडाभर आधीपासून तयारीला लागतात, जुने पिक्चर परत बघून येतात. तुमच्या ग्रुपमध्ये पण हा वाद रंगवायचा असेल तर आम्हाला जे जे उपयोगी पडलं ते सगळं लिहितेय.

आधी प्रश्न ठरवा

बेस्ट म्हणजे काय हे ठरल्याशिवाय कोणी तोंडच उघडायचं नाही. कारण होतं काय, चार माणसं चार वेगळ्याच गोष्टींना बेस्ट म्हणत असतात. एकाला वाटतं ज्याने पुढच्या सगळ्यांना वाट दाखवली तो बेस्ट, दुसऱ्याला वाटतं आज लावला तरी शिळा वाटत नाही तो, तिसऱ्याला सायन्स पक्कं लागतं, आणि चौथ्याचा त्या पिक्चरवर फक्त जीव असतो. चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण मग हा वादच नाही ना, चार वेगवेगळी भाषणं झाली.

१९२७ चा मेट्रोपोलिस घ्या. फ्रिट्झ लांगचा मूकपट. वर श्रीमंतांचे टॉवर, जमिनीखाली राबणारे कामगार आणि मधे बाईच्या रूपातला रोबो. त्यानंतर पडद्यावर भविष्यातली जेवढी शहरं आली त्यातल्या कितीतरी शहरांची मुळं इथं सापडतात, त्यामुळे प्रभावाचा प्रश्न असेल तर मेट्रोपोलिसपुढे टिकणं अवघड आहे. पण प्रश्न "आज रात्री लावला तर सगळे डोळे न मिटता बघतील का" असा असेल तर वेगळा पिक्चर जिंकेल, आणि त्यात मेट्रोपोलिसचा काही अपमान नाही. म्हणून आम्ही प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो आणि भिंतीला चिकटवतो. एका रात्री एकच प्रश्न. गेल्या वर्षीचा होता, "कुठल्या पिक्चरमुळे तुम्ही काळाचा विचार वेगळा करायला लागलात?" नुसत्या बेस्टपेक्षा असा प्रश्न कितीतरी चांगला, कारण त्यावर खोटं उत्तर देता येत नाही.

अजून एक, किती चालला आणि किती आपटला हा मुद्दा पूर्ण बंद ठेवा. ब्लेड रनर आणि जॉन कारपेंटरचा द थिंग, दोन्ही अमेरिकेत एकाच दिवशी लागले, २५ जून १९८२. ई.टी. दोनच आठवड्यांपूर्वी आला होता आणि लोक त्यातल्या परग्रहावरच्या गोड पाहुण्याच्या प्रेमात होते, त्यामुळे एक उदास पावसाळी शहर आणि बर्फातला एक भयंकर जीव कोणालाच नको होता. दोन्ही पिक्चर तेव्हा पडले, द थिंगला तर समीक्षकांनी झोडपून काढलं. आज सर्वोत्तमची कुठलीही यादी काढा, दोन्ही असतातच. तेव्हा गल्ल्याचा आकडा फेकून समोरच्याला गप्प करू नका.

साय-फाय कशाला म्हणायचं

यावर वीस मिनिटं द्या, घड्याळ लावून, त्याच्यावर एक मिनिट नाही. आमची कसोटी साधी आहे: गोष्टीतून विज्ञानाची कल्पना काढून घ्या आणि बघा काय उरतं. स्टार वॉर्समधून यानं काढून घोडे ठेवले, लेझरच्या तलवारींऐवजी साध्या तलवारी ठेवल्या तर गोष्ट जवळपास जशीच्या तशी उभी राहते, राजकन्या आहे, म्हातारा गुरू आहे, काळ्या वेशातला खलनायक आहे. ब्लेड रनरमधून माणसासारखे बनवलेले रेप्लिकंट काढले तर काहीच उरत नाही. अरायव्हलमधून ती परग्रहावरच्यांची भाषा काढा, पिक्चर संपला. म्हणून आमच्या गच्चीवर स्टार वॉर्स वेगळ्या रांगेत बसतो. माझा त्याच्यावर राग नाही, १९८० चा एम्पायर स्ट्राइक्स बॅक मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघितलाय, पण तो वेगळ्या जातीचा आनंद आहे. तुमच्या ग्रुपला पटत नसेल तर हात वर करून ठरवा आणि पुढे चला. काय ठरलं यापेक्षा ठरलं हे महत्त्वाचं.

इथं मला नेहमी डॉ. जयंत नारळीकरांची गोष्ट आठवते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी "कृष्णविवर" ही कथा पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही, तर "नारायण विनायक जगताप" या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. तेव्हा ते जगभर माहीत असलेले शास्त्रज्ञ होते, नाव बघून बक्षीस मिळायला नको, कथा बघून मिळावं एवढंच. आणि पहिलं बक्षीस मिळालं. आम्ही यावरून एक नियम उचललाय: पहिल्या फेरीत डायरेक्टरचं नाव घ्यायचं नाही. नोलन म्हटलं की निम्मी गच्ची खूश आणि निम्मी गच्ची वैतागलेली, संथ रशियन पिक्चर काढणारा तारकोव्हस्की म्हटलं की लोक आधीच घाबरतात. नाव न घेता पिक्चर सांगा, काय होतं त्यात, का आवडलं. फरक लगेच जाणवेल.

पिक्चर आणि सिरीज एका ताटात वाढू नका

दोन तासांची गोष्ट आणि सत्तर तासांची गोष्ट यांची तुलना होत नाही. साय-फायसाठी मानाचं बक्षीस देणाऱ्या ह्यूगो अवॉर्डवाल्यांनाही हे करावंच लागलं, २००३ पासून त्यांनी नाट्य सादरीकरणाच्या बक्षिसाचे दोन भाग केले, नव्वद मिनिटांच्या वरचं एकीकडे आणि खालचं दुसरीकडे. आम्ही रात्रीचे पण दोन भाग करतो, दुधाच्या आधी पिक्चर, दुधानंतर सिरीज.

सिरीजचा वाद जास्त अवघड असतो, कारण सिरीज एकसारखी नसते. नेक्स्ट जनरेशन या स्टार ट्रेकचे १७८ एपिसोड आहेत, पहिले दोन सिझन बरेच कच्चे आहेत आणि त्याच सिरीजमध्ये पुढे टीव्हीवरच्या सर्वोत्तम तासांपैकी काही तास आहेत. मग मोजायचं काय, सरासरी, सगळ्यात उंच टोक, की शेवट? आमचा तीन एपिसोडचा नियम आहे. ज्याला जी सिरीज मांडायचीय त्याने तिचा सगळ्यात चांगला एपिसोड सांगायचा, सगळ्यात वाईट एपिसोडही स्वतःच्या तोंडाने सांगायचा, आणि शेवटच्या एपिसोडबद्दल काय वाटतं ते सांगायचं. वाईट एपिसोड स्वतः कबूल केला की समोरच्याचं निम्मं हत्यार गळून पडतं आणि बोलणं खरं व्हायला लागतं.

बॅटलस्टार गॅलॅक्टिका, २००४ वाली, या नियमात फार छान बसते. पहिलाच एपिसोड "३३", दर तेहतीस मिनिटांनी सायलॉन, म्हणजे माणसांवर उलटलेले रोबो, येतात आणि उरलेल्या माणसांच्या जहाजांना पुन्हा उडी मारून पळावं लागतं, पाच-पाच दिवस झोप नाही, लोकांचे डोळे बघूनच आपल्याला थकवा येतो. त्या एपिसोडला ह्यूगो मिळालं. आणि शेवट? शेवटावर आमच्याकडे दोन तट आहेत. माझं मत, देवाच्या योजनेवर सगळं सोडून देणं हे त्या सिरीजच्या स्वभावाला सोडून नव्हतं, पण पहिल्यापासून ज्या कोड्यांनी आम्हाला धरून ठेवलं त्यांची उत्तरं द्यायला हवी होती. याच्या उलट जर्मन सिरीज डार्क, तीन सिझन, सव्वीस एपिसोड, १९५३, १९८६, २०१९ अशा तेहतीस वर्षांच्या चकरा, चार घराण्यांची अशी गुंतागुंत की कागदावर वंशावळ काढून बघावी लागते, आणि तरी शेवटी गाठ सुटते. आधीपासून ठरवून लिहिलेलं आणि लिहिता लिहिता सुचलेलं यातला फरक दाखवायला या दोन सिरीज समोरासमोर ठेवा. बॅबिलॉन ५ माहीत असणारं कोणी असेल तर अजून मजा, पाच वर्षांची एकच कादंबरी असल्यासारखी ती आखली होती आणि ११० पैकी ९२ एपिसोड तिच्या कर्त्याने, एकट्या स्ट्रॅझिन्स्कीने, लिहिले.

अर्धवट राहिलेल्या सिरीजचं काय हा प्रश्न दरवर्षी येतो. फायरफ्लाय, २००२, फक्त चौदा एपिसोड, त्यातले अकराच दाखवले गेले आणि तेही उलटसुलट क्रमाने, पायलट, म्हणजे गोष्टीची सुरुवात करणारा एपिसोड, तर शेवटी. पुढे २००५ मध्ये पिक्चर काढून गोष्ट कशीबशी मिटवली. तिचे चाहते म्हणतात तिला खराब व्हायला वेळच मिळाला नाही हा तिचा फायदा आहे. मला हे पटत नाही, जे बनलंच नाही त्याचे मार्क कसे देणार? जे चौदा आहेत तेवढ्यावरच बोला, ते चौदा पुरेसे चांगले आहेत.

डॉक्टर हू मांडणाऱ्याने कुठल्या डॉक्टरबद्दल बोलतोय ते आधी सांगायचं. २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झालेली बीबीसीची सिरीज आहे, डॉक्टर हा तिचा काळात फिरणारा नायक, १९६६ मध्ये पहिल्या नटाची तब्येत साथ देईना तेव्हा हा डॉक्टर मरता मरता नवं शरीर घेतो अशी कल्पना काढली आणि त्या एका कल्पनेवर ती एवढी टिकली. तिला एकच सिरीज मानून वाद घालता येत नाही. शिवाय सुरुवातीचे कितीतरी एपिसोड आज नाहीतच, बीबीसीने टेप पुसून परत वापरल्या. याच काळातली अजून एक गोष्ट सांगते, नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांनी जॉन इलियटसोबत १९६१ मध्ये बीबीसीसाठी ए फॉर अँड्रोमेडा ही सिरीज लिहिली होती, अवकाशातून आलेल्या संदेशात एक कॉम्प्युटर कसा बनवायचा याची कृती असते अशी, आणि तिचाही बहुतेक भाग असाच गेला. हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. तेव्हा सर्वोत्तमची यादी करताना लक्षात ठेवा, काही उमेदवार हजरच राहू शकत नाहीत.

कुठली प्रत बघितली ते सांगा

हे पटकन उरकता येतं पण विसरू नका. आमच्याकडे एकदा दोन मित्र तासभर ब्लेड रनरवर भांडत होते आणि नंतर कळलं की एकाने १९८२ चा थिएटरवाला बघितलाय आणि दुसऱ्याने २००७ चा फायनल कट. पहिल्यात हॅरिसन फोर्डचा आवाज मागून सगळं समजावून सांगतो आणि शेवट गोड आहे, त्या शेवटासाठी डोंगर-जंगलाचे शॉट कुब्रिकच्या द शायनिंगमधले उरलेले वापरले होते. १९९२ च्या डायरेक्टर्स कटमध्ये तो आवाज गेला, गोड शेवट गेला आणि युनिकॉर्नचं स्वप्न आलं, आणि त्या एका स्वप्नामुळे फोर्डने केलेला हिरो डेकार्ड स्वतः रेप्लिकंट आहे का हा प्रश्न उभा राहिला. डायरेक्टर रिडली स्कॉट म्हणतो आहे, फोर्ड बरीच वर्षं म्हणत होता माणूस आहे. म्हणजे ते दोघं मित्र खरं तर दोन वेगळ्या पिक्चरवर बोलत होते. सोलारिसचं पण तसंच, १९७२ चा रशियन की २००२ चा अमेरिकन. आणि डब बघितला की सबटायटलवर हेही सांगा. डब बघणं कमीपणाचं नाही, पण डार्कसारख्या सिरीजमध्ये मूळ आवाज ऐकले की माणसं वेगळीच वाटतात.

सायन्सच्या चुका काढायच्या कशा

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि इथंच वाद सगळ्यात जास्त बिघडतो. कोणीतरी ऐटीत म्हणतं, अवकाशात आवाज येत नाही, त्यामुळे हा पिक्चर बाद. थांबा. चूक सापडली की तीन प्रश्न विचारा. ती चूक गोष्टीच्या पायात आहे की कडेला? पिक्चर स्वतःला खरा म्हणवतोय का? आणि ती चूक करून त्याने काही मिळवलं का?

द मार्शियन, २०१५. सुरुवातीला मंगळावर भयंकर वादळ येतं, यान कलंडायला लागतं आणि हिरो मागे राहतो. आता मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्यापेक्षाही कमी आहे, तिथलं जोरदार वादळही अंगाला झुळूक लागावी तसं वाटेल. चूक आहे, मोठी आहे, मूळ लेखकाला माहीत असूनही त्याने ती ठेवली कारण गोष्ट सुरू व्हायला निसर्गाने फटका मारणं हवं होतं. पण त्यानंतर तो माणूस बटाटे कसे उगवतो, पाणी कसं बनवतो, कॅलरी कशा मोजतो हे जवळपास सगळं मन लावून विचार केलेलं आहे. मी त्याला ही एक उधारी माफ करते. ग्रॅव्हिटी, २०१३, हबल दुर्बिणीपासून स्पेस स्टेशनपर्यंत पाठीवरच्या जेटने जातात. हबल तेव्हा साधारण साडेपाचशे किलोमीटरवर होती, स्टेशन चारशेच्या आसपास, आणि दोघांच्या कक्षांचा कलच वेगळा, असं जाताच येणार नाही. इथं मात्र चूक पायात आहे कारण सगळा प्रवासच त्यावर उभा आहे. तरीही तो पिक्चर बघताना मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते हेही तितकंच खरं, आणि वादात दोन्ही सांगायचं.

स्टार वॉर्समध्ये हान सोलो ऐटीत सांगतो की केसल रन नावाची अवघड सफर बारा पार्सेकच्या आत केली. पार्सेक हे अंतर आहे, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं, वेळ नाही. यावर रक्त आटवू नका, तो पिक्चर स्वतःला परीकथा म्हणूनच सादर करतो, पहिल्याच ओळीत.

आता उलटं बघा, जिथं सायन्स बरोबर असल्यामुळे गोष्ट चांगली झाली. द एक्सपान्स घ्या, २०१५ ते २०२२, सहा सिझन, बासष्ट एपिसोड. बहुतेक अवकाशाच्या गोष्टींमध्ये यानात माणसं आपल्या घरात चालतात तशी चालतात आणि कोणी विचारत नाही का. इथं विचारलंय. यानाचं इंजिन सुरू असताना जमीन पायाला वर ढकलते, लिफ्ट वर निघाली की आपल्याला क्षणभर जड वाटतं ना तेच, म्हणून यानं आडवी जहाजांसारखी नाहीत, उंच इमारतीसारखी आहेत, मजल्यावर मजले, इंजिन तळाला. अर्धा रस्ता गेल्यावर यान उलटं फिरवायचं आणि परत इंजिन लावून वेग कमी करायचा. इंजिन बंद झालं की सगळे तरंगायला लागतात. आणि मग खरी कमाल: लघुग्रहांवर कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या माणसांची हाडं लांब आणि नाजूक, त्यांना पृथ्वीवर आणून नुसतं लटकवून ठेवलं तरी तो छळ होतो, पहिल्याच एपिसोडमध्ये आहे हे. म्हणजे भौतिकशास्त्रातून राजकारण निघालं, कोण कुठे राहू शकतो, कोणाच्या पाण्यावर कोणाची मालकी, सगळं. तिसऱ्या सिझननंतर चॅनलने बंद केली तेव्हा चाहत्यांनी विमानामागे बॅनर लावून दुसऱ्या कंपनीच्या ऑफिसवरून फिरवलं आणि सिरीज वाचली. माझ्या मते सायन्सच्या प्रश्नावर टीव्हीमध्ये हिच्या जवळपास कोणी नाही.

आणि इंटरस्टेलर. किप थॉर्न यांनी सल्ला दिला, २०१७ चं नोबेल मिळालेले तेच. कृष्णविवराजवळच्या त्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. लोक यावर गणितं मांडत बसतात, मांडा, पण वादात तो सीन आणा: हिरो कूपर परत यानावर येतो, तेवीस वर्षं उलटून गेलीत, आणि तो मुलांचे साठलेले निरोप एकामागून एक बघत बसतो. मुलगा डोळ्यांसमोर मोठा होतो, लग्न करतो, थकतो. सापेक्षतावाद पाठ्यपुस्तकात दोन ओळींचा असतो, इथं तो एका बापाच्या चेहऱ्यावर दिसतो. शेवटच्या भागाबद्दल मला आक्षेप आहेत, पण हा सीन माझ्यासाठी साय-फाय कशासाठी असतं याचं उत्तर आहे.

यादी नको, एक सीन आणा

यावरूनच आमचा सगळ्यात मोठा नियम निघाला. टॉप टेन घेऊन यायचं नाही. प्रत्येकाने एकच सीन आणायचा, तीन मिनिटांत सांगायचा, मोबाईलवर दाखवला तर दाखवायचा, आणि एवढंच सिद्ध करायचं की इथं निसर्गाचा एखादा नियम किंवा एखादं यंत्र थेट माणसाच्या आयुष्यावर येऊन बसलंय. हे सांगता आलं तर पिक्चर मजबूत, नाही आलं तर नुसती सजावट.

काही सीन जे आमच्याकडे फार चालले. २००१: अ स्पेस ओडिसी या पिक्चरमधला, यानाचा कॉम्प्युटर हॅल बंद करण्याचा. अंतराळवीर डेव्ह एकेक तुकडा बाहेर काढतो आणि कॉम्प्युटरचा आवाज हळूहळू जड होत जातो, शेवटी तो डेझी हे जुनं गाणं म्हणायला लागतो. ते गाणं उगीच नाही निवडलं, १९६१ मध्ये बेल लॅब्समध्ये कॉम्प्युटरने खरंच ते गाणं म्हटलं होतं आणि पिक्चरचा सहलेखक आर्थर क्लार्कने तिथे जाऊन ऐकलं होतं. १९६८ चा पिक्चर, माणूस चंद्रावर उतरायच्या एक वर्ष आधीचा, आणि आज आपण सगळे मशीनशी बोलतोय तेव्हा तो सीन अजूनच अंगावर येतो. कोणी म्हणालं हा पिक्चर बोअर आहे, तर तुला कळला नाही असं म्हणू नका, कधीच नाही. विचारा, कुठल्या सीनला बोअर झालं? मग तो संथपणा का आहे यावर बोला, त्या यानात श्वासाशिवाय आवाज नाही, महिनोनमहिने काही घडत नाही, ते आपल्याला भोगायला लावलंय. तरीही नाही पटलं तर नाही पटलं.

नेक्स्ट जनरेशनमधला द इनर लाइट, १९९२ चा एपिसोड. यानाचा कॅप्टन पिकार्ड पंचवीस मिनिटं बेशुद्ध असतो आणि तेवढ्यात एका नष्ट झालेल्या ग्रहावर पूर्ण आयुष्य जगून येतो, बायको, मुलं, नातू, म्हातारपण. जागा झाल्यावर त्याच्याकडे उरते फक्त बासरी. माझ्या मावशीने, जिने आयुष्यात दुसरा साय-फाय एपिसोड बघितला नव्हता, तो बघितला आणि बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली परत लाव. टीव्हीच्या एका एपिसोडचा प्रश्न असेल तर माझं मत याला.

माझं पिक्चरचं मत बरीच वर्षं २००१ ला होतं. ते बदललं मामेबहिणीमुळे. तिने अरायव्हलमधला सीन आणला (ज्यांनी बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा). ती म्हणाली, सुरुवातीला मुलीचं जन्म ते मृत्यू जे दिसतं ते आपण आठवण समजतो, आणि नंतर कळतं की ती आठवण नाही, पुढे घडणारं आहे, त्या गोल अक्षरांची भाषा शिकल्यामुळे नायिका लुईसला सगळा काळ एकदम दिसतो, आणि सगळं माहीत असून ती त्या मुलीला जन्म द्यायला हो म्हणते. मग बहीण एवढंच म्हणाली, "ताई, तू हो म्हणाली असतीस का?" गच्चीवर कोणी काही बोललं नाही. एका प्रश्नात तिने माझं मत फिरवलं आणि मी ते तिथेच मोठ्याने कबूल केलं. मत बदललं की सगळ्यांसमोर सांगा, लाजू नका, त्याने बाकीच्यांनाही धीर येतो.

जुन्याला, परक्याला आणि आपल्याला एकच माप

जुन्या इफेक्ट्सवर हसणाऱ्याला आमच्याकडे पुढची पाळी मिळत नाही. १९५४ चा जपानी गॉडझिला म्हणजे रबरी सूट घातलेला माणूस, दिसतंच ते. पण तो पिक्चर हिरोशिमानंतर नऊ वर्षांनी आणि त्याच वर्षी एका जपानी मासेमारी बोटीवर अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख पडली त्यानंतर आलेला आहे. हे माहीत असलं की हॉस्पिटलमधली ती मुलं बघताना हसू येत नाही. फ्रेंच ला जेते, १९६२, अठ्ठावीस मिनिटं, जवळपास सगळी स्थिर छायाचित्रं, तरी कालप्रवासावर त्यापेक्षा टोकदार काही मी बघितलं नाही. प्रायमर, २००४, सात हजार डॉलरमध्ये बनवलेला. पैसा हा मुद्दाच नाही.

आपल्याकडचं काय? दूरदर्शनवरचं स्पेस सिटी सिग्मा, १९९८ चा कॅप्टन व्योम, यांच्याबद्दल बोलताना आम्हा चाळिशीतल्यांचा गळा दाटतो, पण बालपणीचं प्रेम वेगळं आणि मार्क वेगळे. स्पर्धेत उतरवायचंच असेल तर मी आरती कदवचा कार्गो उतरवते. पुष्पक नावाचं यान, त्यावर मेलेली माणसं येतात, एक राक्षस त्यांच्या आठवणी पुसून पुढच्या जन्माला पाठवतो, सरकारी नोकरी केल्यासारखं शांतपणे. आपल्या पुराणातून आणि आपल्या ऑफिसातून निघालेली गोष्ट आहे ती, कोणाची नक्कल नाही. वरची कसोटी लावली तर ती काठावर बसते, मान्य, यान काढून चित्रगुप्ताची कचेरी ठेवता येईल. पण त्या यानातला एकटेपणा कचेरीत येणार नाही, म्हणून मी तिच्या बाजूने भांडते.

वागण्याचे दोन-तीन नियम

सुरुवातीला सगळ्यांनी काय काय बघितलंय ते कागदावर लिहायचं, म्हणजे स्पॉयलर कुठे टाळायचे ते कळतं. दहा वर्षांपेक्षा जुन्याला स्पॉयलर लागत नाही हे मला मान्य नाही, ज्याने बघितला नाही त्याच्यासाठी तो नवीनच आहे, बोलायच्या आधी विचारा, तो दोन मिनिटं खाली जाऊन येईल.

कोणाची परीक्षा घेऊ नका. एका वर्षी बाहेरून आलेल्या एका पाहुण्याने माझ्या बहिणीला स्टार ट्रेक आवडतं म्हटल्यावर लगेच प्रश्न विचारायला सुरुवात केली, अमक्या यानाचा नंबर काय, तमक्या एपिसोडचं नाव काय, आणि मुलग्यांपैकी एकालाही हे विचारलं नाही. ती त्या रात्री परत काही बोलली नाही. आम्ही कोणी अडवलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर नियम झाला, प्रश्न विचारायचा तर "तुला काय दिसलं त्यात?" हाच.

आणि आवाज चढला की पाच मिनिटं ब्रेक, भेळ वाढायची, मग ज्याचा आवाज चढला त्याने समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगून दाखवायचं. समोरचा हो म्हणाला तरच पुढे.

शेवटी मतदान. प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या, त्यातली एक स्वतः न मांडलेल्या पिक्चरला द्यायचीच, हा नियम फार महत्त्वाचा कारण त्यामुळे लोक दुसऱ्याचं कान देऊन ऐकतात. जिंकलेल्याचं नाव वहीत जातं. पण पुढच्या वर्षी सुरुवातीला जो पिक्चर दाखवायचा तो जिंकलेला नाही, सगळ्यात कमी मतं पडलेला. तो सगळ्यांनी मिळून पूर्ण बघायचा आणि मग परत बोलायचं. यंदा पाळी स्टॉकरची आहे, १९७९ चा, तारकोव्हस्कीचा, दोन तास एक्केचाळीस मिनिटं, त्यामुळे सगळ्यांना साडेसातला वर यायला सांगितलंय आणि दूध आधीच होईल.